माज्या वाटचा शब्द

टाळ्या वाजायला लागल्या की हिरामावशी दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची. चित्रपट संपलेला, पडद्यावर नावं चढत चाललेली, आमच्या मंडळाची तीस-चाळीस माणसं मन लावून टाळ्या वाजवतायत, आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर ही हात दाबून, पडद्याकडे बघत गप्प. पहिल्यांदा मला वाटलं, तिला थंडी वाजत असेल. विचारलं तर म्हणाली, "हात आपोआप वाजतात गो, बाजूचा वाजवतो म्हनून. आदी ठरू दे, खरा का खोटा. मंग वाजवीन." ठरायला तिला कधी पाच मिनिटं लागायची, कधी पंधरा दिवस. एकदा तर महिन्याने, पुढचा चित्रपट सुरू व्हायच्या आधीच तिने एकटीने टाळ्या वाजवल्या. सगळे वळून बघायला लागले.

"मागच्याला," ती म्हणाली.

तिला जाऊन चार महिने झाले. मी मुळात सावकाश लिहिणारी, त्यात हे तर वाक्यावाक्याला थांबून लिहिते आहे. मंडळाच्या शोकसभेत तिला 'साधीभोळी' म्हटलं गेलं, 'निरक्षर असूनही रसिक' म्हटलं गेलं. ती साधी नव्हती, भोळी तर मुळीच नव्हती, आणि चौथी पास होती. जे तिला कधी भेटले नाहीत त्यांच्यापर्यंत ती या तीन शब्दांत पोचू नये, एवढ्यासाठी हे लिहिणं.

मी पनवेलमध्ये एका वाचनालयात काम करते. वरच्या मजल्यावर छोटा हॉल आहे. तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता आमचं चित्रपट मंडळ भरतं. एक महिना अमेरिकन चित्रपट, एक महिना स्वीडिश. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक आहेत. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात, मीही तेच म्हणेन. सर तरुणपणी दोन वर्षं स्वीडनमध्ये शिकायला होते आणि तिथल्या चित्रपटांवर त्यांचा जीव आहे. अमेरिकन चित्रपट आपण वर्गणीदार टिकावेत म्हणून लावतो, असं ते स्वतःच सांगतात.

वाचनालयाच्या खाली गुडघ्यांचे व्यायाम करून घेणारा एक डॉक्टर बसतो. हिरामावशी शनिवारी त्याच्याकडे यायची. सासर गव्हाणचं, मिठागरावर राबलेलं घर. आता मुलाबरोबर सुकापूरला, सातव्या मजल्यावर. एका शनिवारी डॉक्टरला उशीर होता, म्हणून ती जिना चढून वर आली. मी दारात वह्या घेऊन बसले होते.

"हितं काय हाय?"

"चित्रपट आहे, आजी. पण स्वीडिश आहे. खाली अक्षरं इंग्रजीत येतात. तुम्हाला समजणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला समजतंय ना? मंग तू सांग."

आणि आत जाऊन बसली. मी वह्या बंद करून तिच्या शेजारी गेले, आणि त्या दिवसापासून साडेतीन वर्षं दर दुसऱ्या शनिवारी तिच्या डाव्या कानात पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मराठीत सांगत राहिले. पहिल्याच दिवशी तिने मला दोन नियम घातले. एक, आजी म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. दोन, 'तुम्ही' म्हणायचं नाही. "तुमी-तुमी केलं का मना तहसीलदारासमोर हुबं केल्यासारखं वाटतं." म्हणून इथेही मी तिला 'ती'च म्हणते आहे.

तिच्या मतांची मंडळात पहिल्यांदा सगळ्यांना गंमत वाटली. चित्रपटानंतर अर्धा तास चर्चा असते. एका अमेरिकन चित्रपटात उडणारी माणसं एकमेकांशी लढता लढता अर्धं शहर पाडतात आणि शेवटी जग वाचतं. तरुण मुलं खूश होती. मावशीने हात वर केला.

"एवडी घरां पाडली. मलबा कोनी उचलला?"

हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "मावशी, ते दाखवत नाहीत."

"तेच तर बोलते. घर पडल्यावर पिच्चर चालू होतो. यांनी तितंच संपवला. यांचं कदी घर पडलं नाय, त्याच्यामुलं."

हशा थांबला. हॉलमध्ये उलवे-गव्हाण पट्ट्यातली चार-पाच माणसं होती. त्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या होत्या, घरं उठली होती. ती माणसं खाली बघायला लागली.

पण अमेरिकन म्हणजे सगळं खोटं, असं तिचं नव्हतं. तो पवित्रा सरांचा होता. एक चित्रपट आला होता, अमेरिकेत म्हणे लाखो लोकांनी डोळे पुसत बघितलेला. बायको गेलेला एक ट्रक ड्रायव्हर, एवढीच गोष्ट. सर म्हणाले, हा भावनांचा बाजार आहे. मावशी उठून उभी राहिली. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागायचा आणि तेवढ्यात सगळे आपोआप गप्प व्हायचे.

"बाजार कुटं हाय? बायको मेल्याचं समजलं तवा तो रडला काय? नाय. त्यानं गाडीचं बोनेट उगडलं आनी तेल बगितलं. आमचा म्हातारा बी पोरगी गेली तवा बांद दुरुस्त करत बसलेला, दोन दिवस. बाप्या मानूस असाच रडतो. ज्यानं पिच्चर बनवला त्यानं घरात मरन बगलेलं हाय."

सरांनी चष्मा पुसला.

स्वीडिश चित्रपट ती सगळ्यांत शांतपणे बघायची. पंधरा-पंधरा मिनिटं कुणी बोलत नाही, खिडकीबाहेर नुसता बर्फ. अशा वेळी आमचे जाणकार सभासद हळूच मोबाइल चाळतात, हे मी तिसऱ्या रांगेतून पाहिलेलं आहे. मावशी हलायची नाही. पण बघून झालं की हात मांडीखाली, आणि तोंड चालू. "बर्फ भायेर कमी, घरात जास्त." "हे लोक बोलत नाय म्हनून त्यांना थंडी वाजते." आणि एकदा, दोन्ही देशांचे बरेच चित्रपट बघून झाल्यावर, जिना उतरताना कठड्याला धरून: "बाय, अमेरिकेचा मानूस बोलून मोकला होतो. त्या स्वीडनचा गप राहून मोकला होतो. आपला दोनी करत नाय. आपला दुसऱ्याबद्दल बोलतो."

तिची कसोटी एकच होती: हात. पडद्यावरचं माणूस काय बोलतंय ते मी तिच्या कानात सांगायची, आणि ती तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची. भाकरी थापणारा, लाकूड फोडणारा, बाळ उचलणारा हात खरा की शिकवलेला, हे तिला एका क्षणात कळायचं. आयुष्यभर मीठ ओढलेल्या बाईला ते कळणारच.

त्यावरूनच सरांशी तिची मोठी खडाजंगी झाली. सरांचा सर्वांत लाडका स्वीडिश चित्रपट होता एका कोळ्याचा. म्हातारा कोळी समुद्रकाठी बसून जाळं विणतो, त्याची बायको मासे साफ करता करता रडते, आणि शेवटी रिकामी होडी. सर त्याच्यावर पाऊण तास बोलले. मग मावशी उठली. तिचं माहेर करंज्याचं, बंदराजवळचं. तिथे मुली चालायच्या आधी जाळ्यात बोटं घालतात, असं ती सांगायची.

"हा खोटा हाय," ती म्हणाली.

"काय खोटं आहे, मावशी?" सर हसून म्हणाले.

"त्याची गाठ खोटी हाय. तशा गाठीला मासा लागनार नाय, जालं सुटंल. आनी ती बाय मासा साफ करताना रडते. मासा साफ करताना डोल्यांत पानी आनून चालत नाय, बोट कापतं. रडनारी आदी सुरी खाली ठेवते."

"अहो, पण जाळं हे इथे प्रतीक आहे. दिग्दर्शकाला कोळी दाखवायचाच नाहीये. त्याला माणसाचं एकटेपण—"

"प्रतीक असंल. देव बी प्रतीकच हाय ना? पन मूर्ती घडवताना त्याचं नाक कोन वाकडं करतं काय?"

सर त्या दिवशी खरंच चिडले. म्हणाले, जगातल्या मोठमोठ्या समीक्षकांनी हा चित्रपट डोक्यावर घेतलेला आहे. मावशी म्हणाली, "त्यांना करंज्याला पाटवा. चार दिस मी सांबालते." दोघांपैकी कुणीच मागे हटलं नाही. पुढे वर्षभर चर्चा कुठल्याही चित्रपटाची असो, ती फिरून त्या गाठीवर यायची.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी वाक्यं मऊ करणारी बाई आहे. घरात वडील जे बोलायचे ते आईपर्यंत नेताना मी त्यातले काटे काढून नेत असे. नोकरीतही तेच. कुणाचं कुणाला दुखू नये, म्हणून मधलं थोडं गाळायचं. याला मी चांगुलपणा समजत होते. पन्नाशीपर्यंत समजत होते.

एक स्वीडिश चित्रपट होता. एका बेटावर एक म्हातारी, आयुष्यभर तिने नाव चालवून लोकांना पलीकडे पोचवलेलं. आता पूल झालाय, नाव बंद. तिचा मुलगा शहरातून तिला न्यायला येतो. दोघं स्वयंपाकघरात बसलेत, म्हातारीच्या हातात चहाचा कप. मुलगा म्हणतो, "आई, खरं सांगू? तू मेलीस की हे घर विकता येईल, म्हणून मी वाट बघतोय. आणि अशी वाट बघतोय म्हणून मला स्वतःची लाज वाटते."

मला ठाऊक होतं की गव्हाणला मावशीचं दोन खोल्यांचं घर अजून उभं आहे, कुलूप घातलेलं. तिचा मुलगा दिलीप बांधकामाच्या धंद्यात आहे. त्याला तिथे चार मजले चढवायचे होते आणि मावशी सही करत नव्हती. दोघंही त्यावर बोलत नव्हते. म्हणून मी तिच्या कानात म्हणाले, "तो म्हणतो, शहरात तुला बरं वाटेल."

चित्रपट संपला. टाळ्या झाल्या. मावशीचे हात मांडीखाली. चर्चेत ती बोलली नाही. सगळे गेल्यावर जिन्यात, मधल्या पायरीवर ती बसली आणि मला म्हणाली, "बस."

मी बसले.

"त्यो तिला काय बोलला?"

"कोण?"

"पोरगा. तिनं कप खाली ठेवला तवा."

"म्हणाला, शहरात बरं वाटेल."

"एवड्याला कोन कप खाली ठेवत नाय. च्यात काय माशी पडली व्हती? तू खाल्लंस. मदलं वाक्य खाल्लंस तू."

माझे कान तापले. मी म्हणाले, "मावशी, तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटायचं का नाय ते मी ठरवीन. तू कोन?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आमची जागा गेली ना, तवा सायब आलेला गावात. शालेत सबा. सायब विंग्रजीत दहा वाक्यं बोलला, आमच्या पुडाऱ्यानं आमाला दोन सांगितली. आमचा म्हातारा हात वर करून बोलला, बाकीची आट सांगा. पुडारी बोलला, तुमाला नाय समजायची. त्या आट वाक्यांत माजं मिठागर गेलं, बाय. चांगलाच मानूस व्हता तो. आमच्या पोटात दुकू नये म्हनून त्यानं खाल्ली." मग माझ्या गुडघ्यावर तिने हात ठेवला, जड आणि खरखरीत. "माज्या वाटचा शब्द तू खायचा नाय. कडू असला तरी तो माजा हाय. सांग आता."

मी सांगितलं. पूर्ण. लाज वाटते तेही सांगितलं.

तिने माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "बरा हाय तो पोरगा. तोंडावर बोलला. माजा बोलत नाय. नुसते नवे पडदे आनतो."

आणि त्या अर्धवट उजेडाच्या जिन्यात बसल्या बसल्या तिने टाळ्या वाजवल्या. सात-आठ वेळा, सावकाश. "हा खरा हाय," म्हणाली. "पन तिनं शेवटाला पोराला चावी दिली, ती मी दिली नसती."

त्याच दिवशी तिने मला सांगितलं, मी बोलते ते लिहून ठेव. "माज्या तोंडातलं. सुदारू नको. सुदारलंस का ते तुजं होतं." मी एक वही केली. तिच्यात तारीख नाही, चित्रपटाचं नावही नाही, कारण नावं तिच्या लक्षात राहत नसत. 'बोनेटवाला', 'खोट्या गाठीचा', 'कप ठेवला तो'. मी तशीच लिहीत गेले.

गेल्या वर्षी तिची भूक गेली. तपासण्या झाल्या. निकाल ऐकायला जाताना तिने घरात जाहीर केलं, "माजी सांगनारी बाय बरोबर पायजे." दिलीप मला न्यायला गाडी घेऊन आला. आडदांड, हसरा, हातात दोन मोबाइल. आईवर जीव टाकणारा मुलगा आहे तो, हे मला पुढे नीट कळलं. पण तेव्हा इस्पितळाच्या पार्किंगमध्ये तो म्हणाला, "मॅडम, काय पण असू दे, आईला टेन्शन द्यायचं नाय. गाठ हाय, गोल्यांनी विरंल, एवढंच बोला. तिला झेपणार नाय."

मी काहीच बोलले नाही. माझं काहीच न बोलणं लोक होकार समजतात.

डॉक्टर परप्रांतातले, तरुण, नव्याने आलेले. ते आमच्याशी इंग्रजीत बोलले. सगळं सरळ सांगितलं. मावशी त्यांच्याकडे बघत होती. डॉक्टरांचं बोलणं संपलं. दिलीपने माझ्याकडे बघितलं.

"काय बोलला?" मावशीने विचारलं.

"आई, गाठ हाय छोटी—" दिलीप म्हणाला.

"तू नको. ही सांगंल." मग माझ्याकडे वळून, "त्यानं फाइल मिटली. चष्मा काडला. मंग बोलला. गोल्यांनी बरं होनाऱ्यासाटी कोन चष्मा काडत नाय. सांग."

माझ्या आयुष्यात इतकी साधी आणि इतकी अवघड वाक्यं मी कधी भाषांतरित केली नव्हती. मी म्हणाले, "ते म्हणाले, हा कर्करोग आहे आणि तो यकृतात पसरलाय. आता बरा होण्यासारखा नाही. औषधं देऊन काही महिने वाढतील, पण त्या औषधांचा त्रास फार होईल. ती घ्यायची की नाही हे पेशंटने ठरवावं. दुखणं मात्र कमी ठेवता येईल, त्याची हमी ते देतात."

दिलीप उठून खिडकीपाशी गेला.

"सगलं सांगितलंस?"

"हो."

"एक बी नाय खाल्लास?"

"नाही, मावशी."

"मंग ठीक हाय." तिने पदर नीट केला आणि डॉक्टरांना मराठीतच म्हणाली, "सायब, तुमी तोंड नाय फिरवलं, बरं केलंत. त्या तरासाच्या गोल्या नकोत मना. दुकायच्या तेवड्या द्या. माजा शनवार चुकला नाय पायजे."

दिलीप त्यानंतर माझ्याशी बोलेनासा झाला. गाडीने घरी सोडलं, पण एक शब्द नाही. मला त्याचा राग समजत होता. आणि तरीही, आयुष्यात पहिल्यांदाच, मी जे केलं त्याबद्दल कुणाची माफी मागावी असं मला वाटलं नाही.

शनिवार तिने चुकवले नाहीत. पुढचे पाच. जिना चढायला आधी दहा मिनिटं, मग वीस. सरांनी एकदा खुर्ची खाली पाठवली, चौघं उचलून आणतील म्हणून. तिने खुर्ची परत पाठवली. "उचलून न्यायची घाई कशाला करता? येल येईल." शेवटी तिने जो अमेरिकन चित्रपट पाहिला, त्यात नायक मरताना चांगला पाच मिनिटं बोलतो. प्रेम, देश, मुलं, सगळ्यांबद्दल. हॉलमध्ये दोन-तीन नाकं ओढल्याचे आवाज आले. मावशी माझ्या कानाशी म्हणाली, "मरनारा एवडं बोलत नाय, बाय. त्याला पानी पायजे असतं, नायतर कूस बदलायची असते. हा खोटा हाय." मी वहीत लिहिलं.

ती गेली तेव्हा मी नव्हते. सुनेने नंतर सांगितलं, पहाटे ती एवढंच बोलली, "पंका बारीक कर." सुनेला त्याचं वाईट वाटत होतं, आईंनी काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून. मला वाटलं नाही. मावशी तिच्या मतावर शेवटपर्यंत ठाम राहिली, एवढंच.

आमच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. नेहमीचीच वेळ, शनिवार, चार. दिलीप पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. ते तीन शब्द बोलले गेले, जे मी सुरुवातीला सांगितले. मग सर उठले. म्हणाले, "आज आपण हिरामावशींच्या स्मरणार्थ त्यांना अत्यंत भावलेला चित्रपट पाहणार आहोत." आणि त्यांनी खोट्या गाठीच्या त्या चित्रपटाचं नाव घेतलं. सरांना तसं मनापासून वाटत होतं. ज्यावर ती वर्षभर भांडली, त्यावर तिचा जीव असणारच, असा त्यांचा हिशेब होता.

मी अशा सभांमध्ये कधी बोलत नाही. माझं काम खुर्च्या मांडायचं आणि चहा सांगायचं. पण मी उठले. पिशवीतून वही काढली.

"सर, तिला हा चित्रपट आवडला नव्हता."

"बसा, बाई. नंतर बोलू."

"तिने काय म्हटलं ते माझ्याकडे लिहिलेलं आहे." आणि मी वाचलं. तिच्या तोंडातलं, न सुधारता. "हा खोटा हाय. त्याची गाठ खोटी हाय. रडनारी आदी सुरी खाली ठेवते."

"बाई, ही वेळ आहे का?"

"हीच आहे. ती असताना तिचं ती बोलत होती. आता ती नाही म्हणून तिच्या तोंडी आपलं मत घालायचं नाही."

मी कुणाशी तरी एवढ्या मोठ्याने बोलले होते, हे मला नंतर कळलं. सर उभेच होते. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "मग कोणता लावायचा?"

"कप ठेवला तो," मी म्हणाले. बेटावरच्या म्हातारीचा. ज्याला तिने जिन्यात बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

दिवे गेले. मी सवयीने तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीच्या शेजारी जाऊन बसले. ती खुर्ची मी रिकामी ठेवली होती. दोन-चार मिनिटांनी कुणीतरी अंधारातून येऊन तिच्यावर बसलं. दिलीप होता. हातात पाण्याची बाटली.

"मॅडम," तो पुटपुटला, "अक्षरं लय फास्ट जातात."

मी सांगायला लागले. नाव, पूल, शहरातून आलेला मुलगा. तो वाकून ऐकत होता, आईसारखाच डावा कान पुढे करून. मग ते स्वयंपाकघर आलं. टेबल, कप, दोघंजण. मला माहीत होतं काय येणार आहे. इतकी वर्षं ज्या मऊ वाक्यांवर मी जगले, ती सगळी जिभेवर तयार होती.

"तो म्हणतो," मी म्हणाले, "आई, खरं सांगू? तू मेलीस की हे घर विकता येईल, म्हणून मी वाट बघतोय. आणि अशी वाट बघतोय म्हणून मला स्वतःची लाज वाटते."

पडद्यावर म्हातारीने कप खाली ठेवला. माझ्या शेजारी दिलीपने बाटली पायाशी ठेवली.

"हे आईला सांगितलंत तुमी?"

"आधी नाही सांगितलं. तिने पकडलं. मग सांगितलं."

"काय बोलली?"

मी थांबले. क्षणभरच.

"म्हणाली, बरा हाय तो पोरगा. तोंडावर बोलला. माजा बोलत नाय. नुसते नवे पडदे आनतो."

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो उठून जाईल असं वाटलं. गेला नाही. पडद्यावर म्हातारी बराच वेळ गप्प होती, आणि आता ती बोलायला लागली. खाली अक्षरं आली.

दिलीपने कान पुन्हा माझ्याकडे केला.

"ती काय बोलते आता? सांगा," तो म्हणाला. "मदलं खाऊ नका."